गझालाच्या गेममधली एसटी

राळेगावच्या अब्दुल गनी मिस्त्रींची मुलगी पुण्यात नेमकं काय शिकते, ते मिस्त्रींना ठाऊक होतं आणि म्हणूनच ते कुणाला सांगत नव्हते. ट्रॅक्टर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकानं विचारलंच, तर "हाये कंपूटरचं काईतरी," असं म्हणून ते इंजिनात डोकं खुपसत. मुलगी व्हिडिओ गेम बनवायला शिकते, हे चारचौघांत सांगायचं म्हणजे छाती लागते, आणि मिस्त्रींची छाती फक्त जड जॅक उचलण्यापुरती होती.

बोंडअळीनं तालुक्याचा कापूस खाल्ला त्या साली गझाला दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. आल्या आल्या अब्बांनी फर्मान काढलं.

"काय बनवून राह्यली थे दाखव मले. पोट्ट्याचा खेळ निंगाला तं पुनं बंद. यवतमाळले बीएडले नाव टाकू."

"दाखवते की," गझाला ऐटीत म्हणाली.

खरं तर गेम तिचा तिलाच आवडत नव्हता. पुण्यात तिनं "मी यवतमाळची" म्हटलं की समोरचा आवाज खाली आणायचा, जणू बाई सुतकातून उठून आली आहे. तिचे सर तर हरखलेच. "अगं, तुझ्याकडे विषय तयार आहे!" म्हणाले. गझालाचा जन्म गॅरेजातल्या ग्रीसच्या वासात गेलेला, निंदणीच्या डवऱ्याला तिनं कधी हात लावलेला नाही. पण मार्क कुणाला नको असतात? तिनं मुकाट्यानं एक पोरगा रंगवला, त्याला वावर दिलं, कापसाची पऱ्हाटी दिली, अळी दिली. काहीही करा, शेवटी तो हरणारच. सरांनी डोळे पुसले. मागचा देखावा मोकळा दिसत होता म्हणून तिनं तिथं राळेगावचं स्टँड काढलं आणि शोभेला एक लाल एसटी उभी केली.

परीक्षा गॅरेजातच झाली. अब्बांचे हात काळे होते, म्हणून पहिल्यांदा लॅपटॉपसमोर शेतकरी रामधन बसला. त्याचा ट्रॅक्टर उघडून ठेवलेला, त्यामुळे त्याला दुसरं कामही नव्हतं. त्यानं पडद्यावरचं वावर पाहिलं, "औंदा नाई पेरत मी," असं जाहीर केलं आणि पोराला तडक एसटीपाशी नेऊन उभं केलं.

"रामधनकाका, वावरात जा ना!"

"थांब वो पोरी, गाडी लागली हाये."

"ती निघत नाही काका."

"डायवर चाय प्याले गेला असन."

रामधन हाताची घडी घालून निवांत बसला. तेवढ्यात चहा घेऊन गझालाची अम्मी, खैरुनबी, आली आणि तीही मागे उभी राहून वाट पाहू लागली. "खिडकीची जागा धर म्हना पोराले, नाई तं उभ्यानं जा लागन," ती म्हणाली. उभी असलेली एसटी कधीतरी सुटतेच, यावर राळेगावकरांचा विश्वास इतका पक्का, की गझालाला हसावं की रडावं कळेना.

मग अब्बांनी हात पुसले आणि खुर्ची ताब्यात घेतली. वावराकडे त्यांनीही ढुंकून पाहिलं नाही. पोराला त्यांनी एसटीच्या पुढून नेलं, बाजूनं नेलं, मागच्या चाकाशी थांबवलं.

"बिघडली का थे?"

हो म्हणून टाकलं असतं तर निभावलं असतं. पण गाडीच्या बाबतीत अब्बांशी खोटं बोलणं तिला या जन्मी जमणारं नव्हतं.

"बिघडली नाही अब्बा. बनवलीच नाही. नुसतं चित्र हाये."

"काहून?"

"सर म्हणाले, यवतमाळचा गेम हाये. पोराची सुटका नको."

अब्बांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"तू पुन्याले कायनं गेल्ती?"

"यष्टीनं."

"कोन्त्या स्टँडावरून?"

गझालानं पडद्याकडे बोट केलं आणि तिची मान जी खाली गेली, ती वर येईना. स्वतः खिडकीशी बसून ती निघून गेली होती आणि मागे राहिलेल्यांसाठी तिनं गाडीचं चित्र काढलं होतं. लाज वाटली तिला, मनापासून वाटली. आता बीएडच, तिनं मनाशी धरलं.

अब्बा उठले. तिच्यासमोर उभे राहिले.

"उभी गाडी सोडून मिस्त्री घरी बसते का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मंग जाय पुन्याले. पह्यले हे गाडी चालू कर. पोरगं कवाचं उभं हाये."