खुर्चीवरची कोंबडी

साहेब, आमची कोंबडी तुम्हीच नेलीत. दुसरं कोण नेणार? पोरांचे पाय प्लास्टरमध्ये, त्यांना खाटेवरून उतरता येत नाही. धोब्यावर आळ घ्यावा तर तो बिचारा आमच्यासमोर एकेक कपडा दाखवून नेतो आणि दाखवून परत देतो. तुमची बदली झाली त्या दुपारी तुम्ही मुलांच्या हाडांच्या वॉर्डात एकटेच शिरलात, आणि तुम्ही गेल्यावर बघतो तर कोंबडी गायब. "हॉस्पिटलच्या एवढ्या मोठ्या साहेबाला चिंध्यांच्या कोंबडीचं काय काम?" असं सिस्टर म्हणाल्या. मी वॉर्डातली आया, मी म्हटलं, काम होतं. काय होतं ते सगळं सांगते, म्हणजे आठवत नाही म्हणायची सोय राहणार नाही.

कोंबडी टाकेमावशीने केली होती. टाकेमावशी म्हणजे आपल्या हॉस्पिटलची शिवणकाम करणारी बाई. जिन्याखालची तिची खोली तुम्ही कधी पाहिली नसेल. उभं राहिलं की डोकं जिन्याला लागायचं, म्हणून अख्खी नोकरी तिने बसून काढली. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे उसवलेले कोट, सगळं तिच्या पायमशीनखालून जायचं. "तुम्ही माणसांना टाके घालता, मी चादरींना," असं ती सर्जनच्या तोंडावर म्हणायची. "माझी चादर टेबलावर एकदाही दगावली नाही." सर्जन हसायचा. तो हसायचा, साहेब. हसल्याने त्याचा हात कधी थरथरला नाही.

एकदा ती अभ्रे द्यायला वॉर्डात आली तेव्हा ड्रेसिंगची वेळ होती. मी खाटेभोवती पांढरा पडदा ओढला आणि आतलं पोर किंचाळलं. डॉक्टर अजून दारातही नव्हते.

"अगं, हात कुणी लावलाय त्याला?" टाकेमावशी म्हणाली.

"पडद्याला रडतात," मी सांगितलं. "पडदा ओढला की दुखणार, हे त्यांना पाठ झालंय."

तिने ते पांढरं कापड चिमटीत धरून बघितलं. "बरोबर आहे. ह्यात बघण्यासारखं आहे काय?"

निकामी ठरलेल्या कापडाचा ढीग तिच्या खोलीत पडलेला असायचा. त्यातून तिने पडदा जोडायला घेतला. ऑपरेशनच्या हिरव्या झग्यांच्या बाह्या एकीला एक जोडून जिराफाची मान केली. पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यांचा हत्ती केला, आणि त्याचा एक पाय आमच्या पोरांसारखाच वजन लावून वर टांगला. कोटांचे खिसे कापून कांगारूला लावले, एक नाही, अंगभर. कावळ्याच्या गळ्यात रबरी नळी अडकवून त्याला राउंडला पाठवलं. आणि अगदी मधोमध, खुर्चीवर बसून अंडी उबवणारी, चष्मा लावलेली, लाल मखमलीची कोंबडी. डोक्यावर सोनेरी गोंड्यांचा तुरा.

मखमल कुठली होती ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या खोलीचे जुने पडदे तुम्हीच निकामी ठरवले होते. वॉर्डात एक पंखा धड फिरत नव्हता आणि तुम्हाला पडद्यांचा रंग फिका वाटला होता.

पडदा लागला आणि पोरं पालटली. आधी पडदा ओढला की रडायची, आता ओढला नाही तर भांडायची. "मावशी, आज माझ्याकडे ओढ ना! कालपण त्याच्याकडेच होता!" आत डॉक्टर जखम धुवायचे आणि पोर कांगारूच्या खिशात काय काय आहे ते त्यांना सांगत बसायचं. एका पोरीने डॉक्टरांनाच विचारलं, "ह्या कोंबडीची अंडी कधी फुटणार?" डॉक्टर म्हणाले, "ती उठली तर फुटतील ना!"

आणि गाणं. ते तर तुमचंच होतं. स्वतः रचलेलं आरोग्यगीत तुम्ही मेहुणीकडून गाऊन घेतलंत आणि रोज सकाळ-संध्याकाळ भोंग्यावरून आमच्या कानात ओतलंत:

शिस्त अंगी, शांती संगे, आरोग्याचा दीप धरा,
मौन राखा, स्वच्छ राहा, हाच आमुचा धर्म खरा!

मौन राखा असं भोंग्यावरून ओरडून सांगायचं! टाकेमावशी मशीनच्या ठेक्यावर तेच गुणगुणायची, पण शब्द तिचे:

खाज अंगी, तंगडी टांगी, प्लास्टरचा या ढोल करा,
भांडं आणा, लवकर आणा, हाच आमुचा धर्म खरा!

वॉर्डात भांडं म्हटलं की एकच, खाटेवर घ्यायचं, आणि ते आणणारी मी. गाणं सुरू झालं की मी खरोखर धावायचे आणि पोरं लोळून हसायची. "फसली, फसली!" मी त्यांना शिव्या घालायचे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायचे. न जाणो.

मग तुम्ही राउंडला आलात. अख्खा पडदा वरून खाली बघितलात आणि चष्मा सारखा करून मखमलीपाशी थांबलात.

"ही कोंबडी कोण आहे?"

जिन्याखालून टाकेमावशीला बोलावून आणलं. तिने चष्मा पुसला. "कोंबडी म्हणजे कोंबडीच आहे, साहेब. तुम्हाला कुणासारखी वाटली?"

मागे उभ्या सगळ्या सिस्टरांनी माना खाली घातल्या. तुमचे कान मखमलीच्या रंगाचे झाले.

"निकामी कापडाची फडकी करायची असा नियम आहे. सर्कस नाही. तुकडे करा ह्याचे. आत्ता. इथेच. तुम्हीच करा."

पोरांसमोर, साहेब. ज्या हातांनी जोडलं त्या हातांत कात्री देऊन. अशी शिक्षा सुचायला मोठ्या खुर्चीवरच बसावं लागत असेल. मी पुढे झाले तर टाकेमावशीने मला डोळ्यांनीच मागे सारलं.

"केवढे तुकडे करू, साहेब?"

"फडक्याएवढे."

"आणि फडकी कुठे पाठवू?"

"वॉर्डातच वापरा."

"बरं. वॉर्डातच वापरते."

ती जमिनीवर बसली आणि कापत गेली. करकर करकर. पोरं रडतही नव्हती, नुसती बघत होती, आणि ते बघवत नव्हतं. तुम्ही हात मागे बांधून शेवटच्या तुकड्यापर्यंत उभे राहिलात. पण कात्री कुठून चालली आहे हे तुम्ही पाहिलं नाही. ती जोडावरून चालली होती. एकही बाही, एकही खिसा मधून कापला गेला नाही.

तुम्ही गेल्यावर तिने तुकड्यांचा गठ्ठा काखेत मारला. "तोंडं कसली पाडलीत रे? तुकड्यांचाच होता, पुन्हा तुकड्यांचा झाला. आपल्याला काय नवीन आहे?"

मग तिने एकेक तुकडा दुमडून, काठ शिवून, त्याला नाड्या लावल्या. प्रत्येक खाटेला एक फडकं. नियमाप्रमाणे.

पुढे देणगीदार पाहुणे आले. तुम्ही पुढे, ते मागे. वॉर्डात पांढरे पडदे, चादरींना एक सुरकुती नाही. तुम्ही म्हणालात, "आमची मुलं आता आरोग्यगीत म्हणतील." पोरांनी पहिल्या दोन ओळी अगदी तुमच्या शब्दांत, तुमच्या चालीत म्हटल्या. तुम्ही मान डोलावत होता. मग खिडकीकडच्या खाटेवरच्या पोराने उशीखाली हात घातला आणि जिराफाचं डोकं वर धरलं.

शेजारच्या खाटेवरून मान निघाली. पलीकडच्या खाटेवरून आणखी मान, मधे नाड्या ताणलेल्या. मान संपेचना, साहेब! पडद्यावर जिराफ होता माणसाएवढा, आता खिडकीपासून दारापर्यंत झाला. शेपूट दाराजवळच्या पोरीकडे होतं आणि ती ते पाहुण्यांच्या नाकासमोर हलवत होती. समोरच्या रांगेत हत्ती उठला, त्याच्या टांगलेल्या पायाशेजारी खराखुरा टांगलेला पाय. चमचे निघाले. प्लास्टरवर ढोल सुरू झाला.

खाज अंगी, तंगडी टांगी...

सगळ्यांत धाकटी, कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये असलेली, तिने कोंबडी दोन्ही हातांनी उंच धरली होती आणि ठेक्यावर नाचवत होती. सोनेरी तुरा उडत होता. अख्खा वॉर्ड कोंबडीकडे बघून ताल धरत होता. "भांडं आणा, लवकर आणा" आलं आणि सवयीने मी धावले. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या बाई खाटेचा दांडा धरून इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. दारात टाकेमावशी उभी होती. उभी, ताठ. तिथे डोक्यावर जिना नव्हता.

आणि तुम्ही खिडकीकडे तोंड फिरवलंत. रुमाल काढलात. तुमचे खांदे हलत होते. मी भांडं हातात घेऊन तुमच्या मागेच होते, मी पाहिलं. वळलात तेव्हा डोळे ओले होते आणि तुम्ही म्हणालात, "खोकला आला."

त्यानंतर हुकूम आला नाही. पांढरे पडदे शिवायला म्हणून जिन्याखाली गेले ते परत आले नाहीत. तुकडे पुन्हा जोडले, उसवले, नव्या पोरांच्या हातात गेले. हिरवा रंग धुऊन धुऊन विटला, तरी जिराफ अजून दारापर्यंत पोचतो.

टाकेमावशी आता घरी असते. गुडघे गेलेत, मशीन चालवत नाही. मी गेले की सगळ्यांची चौकशी करते. कोंबडी गेल्याचं सांगितलं तर रागावली नाही. नातवाच्या सदऱ्याला बटण लावत होती, ते लावून झाल्यावर म्हणाली, "नेली असेल तर हसला असेल. विचार त्याला."

म्हणून विचारते. कोंबडी परत नको. मखमल तुमच्याच खोलीची होती, ठेवा. आम्ही दुसरी करू, नव्या साहेबांनीही पडदे बदललेत. फक्त उत्तर द्या. त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून तुम्ही खोकत होता, की हसत होता?