जंगलातल्या मावश्या

आजोबा पुस्तकं निवडायला बसले की वाचनालयातल्या बाई हातातलं काम ठेवून बघत राहायच्या. मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीवर एवढा धिप्पाड माणूस, गुडघे पार छातीला लागलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एकेक पान असं तपासायचा की जणू त्याचं तिकीट बघतोय. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेली. माणूस निवृत्त झाला तरी फुकटे प्रवासी हुडकायची नजर निवृत्त होत नाही. इथे मात्र ते भलतंच हुडकत होते. कुठल्याही पानावर आई दिसली, की पुस्तक मिटून परत फळीवर.

आता तुम्हीच सांगा, लहान पोरांच्या पुस्तकात आई नसेल तर दुसरं असणार काय? सशाला आई, बदकाला आई, आणि हरवलेल्या पिल्लाला तर शेवटच्या पानावर हमखास आई. मग उरायचे ट्रक, क्रेन, आगगाड्या, नाहीतर गोल, चौकोन आणि त्रिकोण.

"अहो, हे तरी नेऊन बघा," बाईंनी एकदा अस्वलाच्या पिल्लाचं पुस्तक पुढे केलं. "मोठ्याने वाचायला फार गोड आहे. पोरं पुन्हा पुन्हा मागतात."

आजोबांनी चाळलं. तिसऱ्याच पानावर आई.

"गाड्यांचं द्या काहीतरी," ते म्हणाले.

म्हातारा हेकट आहे, असं बाईंना वाटलं. हेकट तर होतेच, त्यात वाद नाही. पण मागच्या हिवाळ्यात त्यांची थोरली लेक साध्या तापाचं निमित्त होऊन गेली होती. मागे राहिली तिची चार वर्षांची पोर. एका जागी म्हणून ठरायची नाही, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणायचे. भिंगरीचा बाप ती पाळण्यात असतानाच वेगळा झालेला, त्याचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. तेव्हा आजोबांची धाकटी लेक आपली भाड्याची खोली सोडून, चंबूगबाळं उचलून बापाकडे राहायला आली. सकाळी बेकरीत काम, दुपारनंतर घर. ती भिंगरीची मावशी.

थोरली गेल्यापासून 'आई' हा शब्द त्या घरातून हद्दपार झाला होता. पोरीला आठवण नको, असं आजोबा सगळ्यांना सांगायचे. खरं सांगायचं तर पोरीपेक्षा त्यांनाच तो शब्द पेलत नव्हता.

रोज संध्याकाळी दोघांची बस सुटायची. बस म्हणजे खिडकीजवळचा कोच. आजोबा ड्रायव्हर, कारण पुस्तक त्यांच्या हातात, आणि भिंगरी कंडक्टर. तिने तोंडाने एकदा 'टिंग' केलं की थांबायचं, चित्र बघायचं. 'टिंग टिंग' केलं की पान उलटायचं. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम कडक. तो आजोबांनीच घालून दिला होता.

पण ट्रकांवर पोर किती दिवस काढणार?

"आजोबा, मला ट्रक नकोत," एक दिवस ती म्हणाली. "ट्रकला काहीच वाटत नाही."

आजोबा वाचनालयात गेले आणि अस्वल घेऊन आले. पहिली दोन पानं झोकात गेली. तिसरं पान उलटलं. "पिल्लाला थंडी वाजायला लागली. ते धावत धावत गेलं..." आणि गाडी अडली. पुढचा शब्द समोर ढळढळीत छापलेला, आणि घशातून आवाज फुटेना. भिंगरी तोंडाकडे बघतेय. तेवढ्यात स्वयंपाकघरात धाकटीच्या हातून झाकण पडलं.

"...मावशीकडे," आजोबांनी वाचलं.

भिंगरीने 'टिंग' केलं. चित्रातल्या मोठ्या अस्वलाकडे कितीतरी वेळ बघत बसली. मग 'टिंग टिंग'.

झालं. त्या दिवसापासून वाचनालयातली सगळी पुस्तकं आजोबांना मोकळी झाली. सशाला मावशी, बदकाला मावशी, हरवलेलं पिल्लू शेवटच्या पानावर मावशीच्या कुशीत. बाई खूश, म्हातारा एकदाचा वळणावर आला म्हणून. आजोबाही स्वतःवर खूश.

"बाबा, अख्ख्या जंगलात मावश्याच राहतात का हो?" धाकटीने एकदा कणीक मळता मळता विचारलंच.

"तू गप. पोर शांत ऐकते की नाही?"

"तेच म्हणतेय मी. एवढी शांत का ऐकते?"

आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

भिंगरी बालवर्गात जायला लागली. तिथे अक्षरं सुरू झाली, आणि दिसेल तिथे पोर अक्षरं शोधत सुटली. दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, काही सोडलं नाही. आजोबांना कोण कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते. आपल्या पायाखाली काय जळतंय, याचा त्या भल्या माणसाला पत्ताच नव्हता.

एका रविवारी अस्वलाचं पुस्तक परत घरी आलं होतं. आजोबा वाचत होते, "ते धावत धावत गेलं मावशीकडे..."

"टिंग," भिंगरी म्हणाली आणि तिने पानावर बोट ठेवलं. चित्रावर नाही, खाली, अक्षरांवर. "आ," ती म्हणाली. बोट सरकलं. "ई."

आजोबांनी चष्मा वर सरकवला.

"आजोबा, हे मावशी नाहीये."

"छापणाऱ्याची चूक असेल गं," ते म्हणाले. "होतं असं कधीकधी."

भिंगरी उतरली, टेबलावरची बाकीची पुस्तकं घेऊन आली आणि सशात शोधलं, बदकात शोधलं. आ, ई. आ, ई. हरवलेल्या पिल्लाचं शेवटचं पान तिने फार वेळ उघडं ठेवलं.

"म्हणजे अस्वलाची आई गेली नाही?"

"नाही, बाळा."

"सशाची?"

"नाही."

"मला वाटलं, सगळ्यांचीच जाते," भिंगरी म्हणाली. "मग मावशी येते. मला वाटलं, सगळ्यांचं तसंच असतं."

पोर इतके दिवस शांत का ऐकत होती, ते आत्ता आजोबांना कळलं. त्या जंगलात ती एकटी नव्हती. सगळं जंगल तिच्यासारखं होतं.

"म्हणजे फक्त माझीच गेली," ती म्हणाली. रडली नाही. हिशेब लागल्यासारखं म्हणाली, आणि म्हणून आजोबांच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

धाकटी दारात येऊन उभी राहिली होती. ओले हात तिने पुसलेही नव्हते.

"चुकलं माझं," आजोबा म्हणाले. "मला तो शब्द वाचवत नाही गं. वाचला की मला तुझी आई आठवते."

भिंगरी परत कोचावर चढली, त्यांच्या कुशीत शिरली आणि अस्वलाचं तिसरं पान उघडून समोर धरलं.

"खरं वाचा," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. "पिल्लाला थंडी वाजायला लागली. ते धावत धावत गेलं..." कुणी झाकण पाडलं नाही. "...आईकडे."

आवाज चिरका आला, पण आला. आणि मग म्हातारा कुणाची भीडभाड न ठेवता रडला.

"टिंग," भिंगरी हळूच म्हणाली. तिने मोठ्या अस्वलाच्या गालावर बोट ठेवलं, ते तिथेच ठेवलं.

धाकटी येऊन पलीकडे टेकली. जन्मभर आजोबांनी कुठल्याही थांब्यावर गाडी जास्त वेळ उभी राहू दिली नव्हती. आज मागून कुणी घाई केली नाही, आणि त्यांनीही पान उलटलं नाही. ते डबल बेलची वाट बघत बसले. ती भिंगरीने त्या दिवशी दिलीच नाही.