टोकाची जोडी

"मावशी, चौथ्यांदा बघताय. हे संपत नाही, फिरून तेच लागतं," भाविनी म्हणाली.

"लागू दे," म्हणत मालू खुर्चीत आणखी घट्ट बसली.

डहाणूतल्या शाळेच्या त्या खोलीत भिंतीवर भाविनीने दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्यात टिपलेला कावळा दिसत होता. जागा मालूच्या ओळखीची, धाकटी डहाणूतली तिचीच वलांडी, मासळी वाळवायची बांबूंची मांडणी. आडव्या बांबूंवर जबड्यात जबडा गुंतवून वाळत घातलेल्या बोंबलांच्या जोड्या. कावळा यायचा, बाकीच्या सोडून नेमकी टोकाची जोडी हेरायचा, चोचीने सोडवल्यासारखं करायचा आणि एक बोंबील घेऊन उडायचा. अकरा मिनिटं एवढंच, ना गाणं ना गोष्ट. भाविनीने दारावर लिहिलं होतं : माणसाची बुद्धी कुठे संपते आणि पाखराची कुठे सुरू होते? शेजारची दक्षा एकदा बघून, "हे तर आपल्या दारात फुकट दिसतं," म्हणत वडापाव खायला निघून गेली होती.

मालूचं कावळ्याकडे लक्षच नव्हतं. कावळा यायच्या आधी चित्राच्या कडेला एक हात येई. मनगटाला काळा दोरा, अंगठ्याचं नख फुटलेलं. तिच्या नवऱ्याचा, नारूचा हात.

नारूला जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात त्याचा एकच फोटो, आधार कार्डावरून मोठा केलेला, त्यात तो पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसे. हलता नारू जगात इथेच उरला होता, तोही मनगटापर्यंत.

पहिल्या फेरीत तिने नुसता हात पाहिला. दुसऱ्या फेरीत तो काय करतोय ते पाहिलं. टोकाच्या जोडीचे जबडे गुंतवलेच नव्हते. बोंबील बांबूवर अलगद ठेवून हात मागे सरत होता.

किती वर्षं तिने या चोरीवरून घर डोक्यावर घेतलं होतं. "तुमचं लक्ष कुठं असतं?" आणि पालथ्या टोपलीवर बसून जाळं विणता विणता नारू म्हणायचा, "मी काय करू? तो कावळा जाम हुशार हाय."

चोर घरातच होता. मालूला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. त्या लबाडाशी एकदा, फक्त एकदा, कडाडून भांडायला मिळावं असं तिला फार वाटलं.

"पोरी, हे चित्र जरा बाजूला सरकंल का? तोंड दिसंल इतकं?"

"कॅमेरा कावळ्यावरच होता, मावशी. बाकीचं पुसलं मी." भाविनी ओशाळून शेजारी बसली. "काकांनी तिथे काही केलं होतं का? कावळा आपला आपण शिकला ना?"

मालूने भिंतीकडे पाहिलं. हात पुन्हा येऊन गेला. जे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते ती दुसऱ्याला कशाला सांगेल?

"आपला आपण शिकला," ती म्हणाली. "जाम हुशार हाय तो."

दीड वर्ष मालू सगळ्या जोड्या नीट गुंतवत होती. कावळा तरी रोज यायचा, टोकाला बसायचा आणि रिकाम्या चोचीने परत जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोकाची जोडी अलगद ठेवली आणि बाजूला झाली.

कावळा आला. जोडी चोचीसमोर होती. पण त्याने आधी मान वळवून घराच्या भिंतीजवळच्या नारूच्या पालथ्या टोपलीकडे पाहिलं. मालूनेही पाहिलं.

"घे," ती म्हणाली. "त्यांनीच ठेवलाय."