आग्नेसची फुटलेली फळी

मी आग्नेस बोलतेय. बाई नाही, होडी. फर्डिनंडने पंधरा वर्षांपूर्वी मला बांधून घेतलं तेव्हा बायकोचंच नाव माझ्या कपाळावर रंगवलं. बायको म्हणाली, "आता हाक मारलीत तर आम्हा दोघींपैकी कोणी यायचं?" पुढे ती वारली आणि सगळ्या हाका माझ्या वाट्याला आल्या.

आमचं राहणं वसईच्या किल्ल्यामागे, खाडीकाठी. आधी आम्ही जाळं टाकायचो. मग खाडीतला मासा कमी झाला आणि मासे पकडायची हौस असलेली माणसं वाढली. दिवाळीनंतर पाणी निवळतं, ऊन अंगाला बरं वाटतं, तेव्हा मुंबईचे पाहुणे चकचकीत गळकाठ्या घेऊन येतात. फर्डिनंड त्यांना तिवरांच्या झाडीच्या तोंडाशी नेतो, जिथे जिताडा दबा धरून बसतो. पाहुणा जिताडा पकडतो, हात लांब करून कॅमेऱ्याच्या नाकाशी धरतो, म्हणजे मासा वासराएवढा दिसतो. मग परत पाण्यात सोडतो.

"लग्नातला फोटोवाला असाच," फर्डिनंड म्हणायचा. "उभं करतो, हसवतो नि सोडून देतो."

सुकाणावरचा त्याचा हात मी झोपेतही ओळखेन. तो हात दोन वर्षांपूर्वी बिघडायला लागला. समोरची वाट तो सरळ धरायचा, पण कडेला काही असलं की माझी कूस घासायची. मला वाटलं, वय झालं. मग एक दिवस त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद माझ्या पुढच्या फळीखाली, गळांच्या डब्यामागे खोचला. काय लिहिलंय ते मला कोण वाचून दाखवणार?

वाचून दाखवलं स्टेफीने. फर्डिनंडचा मुलगा क्लिफर्ड, त्याची ही नवी बायको, निर्मळच्या केळीबागेतली. लग्नाला महिना झाला नव्हता. घरात एवढी गप्प की चुलतसासू इझाबेल सगळ्यांना सांगायची, "आमची सून चांगली आहे. आवाज यायचा आहे अजून." एक दिवस ती माझ्यात चाकू शोधत होती, हाताला पिशवी लागली.

"काचबिंदू," ती हळूच म्हणाली. "पप्पा, कडेचं दिसत नाही तुम्हाला?"

"समोरचं दिसतं ना. होडी काय आडवी चालते?"

"क्लिफर्डला ठाऊक आहे?"

"त्याला कळलं तर उद्याच मला खुर्चीत बसवील. एवढा हिवाळा जाऊ दे, बाय. ईस्टरनंतर मीच सांगतो."

स्टेफीने कागद पिशवीत गुंडाळून परत गळांच्या डब्यामागे खोचला. मग म्हणाली, "मग दर खेपेला मी येणार. पुढे बसणार."

तेव्हापासून ती पुढे बसून बोलायला लागली. "अय्या, डावीकडे केवढा बगळा," म्हणजे डावीकडे खडक. "उजवीकडे किती छान सावली," म्हणजे तिवराची फांदी आली, डोकं सांभाळा. एक पाहुणा वैतागून म्हणाला, "अंकल, तुमची सून फार बोलते हो." फर्डिनंड म्हणाला, "घरी हेच सांगा, कोणी विश्वास ठेवत नाही." डिसेंबरभर माझी कूस एकदाही घासली नाही.

जानेवारीत स्टेफीच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. नवी जोडी म्हटल्यावर दोघांना जाणं भाग. निघण्याआधी ती काठावर आली.

"रविवारी पाण्यात जायचं नाही, पप्पा."

"नाही जात."

पण रविवारचे दोन पाहुणे क्लिफर्डनेच फोनवर कबूल करून ठेवले होते. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. फर्डिनंडने माझ्या मागची मशीन पाण्यात उतरवली.

तेवढ्यात आत्माराम आला. खाडीत जाळं बांधायचे लाकडी खुंट त्याचे. खुंट हलवले की काठावर येऊन प्रत्येकाला सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पण सांगतात ते बोटाने.

"फर्डिनंड, खुंट सरकवलेत रं. पानी चढलं की दिसायचे नाहीत. ते बघ, त्या बाजूला. काल्या फडक्याचं दिसतंय ना?"

त्याचं बोट कडेला गेलं. फर्डिनंडने मान जरा वळवली, पुरेशी नाही. समोर नुसतं पाणी होतं.

"हो रे, बघितलं."

मी दोरीला हिसका दिला. लाटेने दिला असं त्याला वाटलं. पाहुण्यांना चढवून दोरी सोडली त्याने.

पाण्याखालचा खुंट मला सगळ्यांच्या आधी कळला. फर्डिनंडचा हात तिकडेच वळत होता, आणि हात वळला की मला वळावं लागतं. माझी फळी फुटली. पुढे उभा असलेला पाहुणा खाली गेला, त्याचा पाय खुंट आणि माझ्या कुशीत सापडला. पाणी छातीएवढंच होतं, अंगात जाकीट होतं, म्हणून जीव वाचला. हाड मोडलं. तो आवाज लाकडाचा नव्हता.

आत्मारामने आपली होडी आणली, दोघांना वर घेतलं. फर्डिनंड पाण्यात उभा राहून खुंट हाताने चाचपत होता.

"तुला दाखवलं होतं ना रं?"

"दाखवलंस."

संध्याकाळी स्टेफी लग्नातल्याच साडीत काठावर आली. क्लिफर्डने पिशवीतला तो कागद पुढे धरून विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "हो."

आता मी वाळूत उपडी आहे. कडक उन्हात माझ्या फटी वाढताहेत. क्लिफर्ड म्हणतो, विकून टाकू. फर्डिनंडने पास्कल सुताराला निरोप धाडलाय, सोमवारी फळी घेऊन ये म्हणून. स्टेफी जेवण झाकून ठेवते आणि बापलेकांच्या मधून पहिल्यासारखी गप्प वावरते. रोज दुपारी फर्डिनंड येतो, माझ्या अंगावरून हात फिरवत भोकाशी थांबतो. "पंधरा दिवसांचं काम," म्हणतो. "मग निघू."

माझ्यासारखी होडी शेवटी एकच मागणं मागते, मला दुरुस्त करा, पाण्यात न्या. मलाही पाणी हवंय. भरतीचा आवाज ऐकला की आतून ओढ लागते. पण पास्कलला कोणी भेटलात तर सांगा, सोमवारी येऊ नकोस. मी धड झाले तर फर्डिनंड सुकाणावर बसेल, आणि त्याचा हात नेईल तिकडे मी जाईन.