सहाव्या वचनापुढे

१

सालोतेच्या पायाला वास येऊ लागला त्याच आठवड्यात चर्चमध्ये तिला सगळ्यांपुढे उभं केलं आणि ती बरी झाली म्हणून आम्ही देवाचे आभार मानले. आभार मानताना मी तिच्या मागच्या चटईवर होते. वास मला आला.

२

सालोते माझी नणंद. आमच्या बेटावर नणंद-भावजयीनं एकमेकींशी सरळ बोलायची पद्धत नाही. थट्टाच करायची. मी तिला म्हातारी खेकडी म्हणते, ती मला भावाच्या गळ्यात पडलेलं लोढणं म्हणते. तिचा नवरा गेला तेव्हा सगळं गाव रडत होतं आणि मी तिला म्हटलं, आता घोरणं ऐकायला कोणाला बोलावणार? ती रडता रडता हसली. त्या वेळी ते माझं कामच होतं.

पण या पद्धतीची दुसरी बाजू अशी, की माझ्या खऱ्या बोलण्याला तिच्यापाशी काही वजनच नाही.

मधुमेहाची, साखरेची सुई तिनं महिन्यापूर्वी, मानोआचे उपदेश ऐकून, बंद केली. तळपायाला जखम झाली. शेजारच्या गावची नर्स होडीनं येऊन बघून गेली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, आताच्या आता सुई सुरू झाली तर दोन-तीन बोटांवर निभावेल. उशीर झाला तर पाय. आणखी उशीर झाला तर ती.

मी सालोतेला म्हटलं, "वन्सं, सुई घ्या, नाहीतर मराल."

"आणि माझी नवी चटई तुला मिळेल. म्हणूनच आठवण करून देतेयस ना, किनी?"

अंगणातल्या बायका हसल्या. मीही हसले. हसावंच लागतं.

३

मानोआबद्दल. तो लबाड असता तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती.

तो राजधानीहून, सुवाहून, परत आला तो आईला पुरूनच. मोठ्या इस्पितळात ती तीन महिने होती, नळ्यांमध्ये. गावात आल्यावर त्यानं विधवांच्या घरांची छपरं शाकारून दिली, आमचे वयस्कर धर्मसेवक थकले होते तर रविवारचा उपदेश अंगावर घेतला. मोठे पाळक तीन महिन्यांतून एकदा होडीनं येतात, बाकी सगळे रविवार मानोआचे. आवाज असा, की मुलंसुद्धा झोपत नाहीत, आणि काठीवाल्या सिरेलीमामाला डुलक्या घेणाऱ्यांना टोचायचं काम उरत नाही.

तो म्हणायचा, गोळी घेणं म्हणजे देवाला सांगणं, की तू केलेलं काम मी तपासून बघणार आहे.

हे मला पटायचं नाही. घरी येऊन मी शास्त्र उघडायचे. त्यानं सांगितलेलं प्रत्येक वचन तिथं असायचं. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मग मलाच वाटायचं, माझाच विश्वास कमी.

४

तो कुठे बोलतो हे मी बघत होते. तो कुठे थांबतो हे बघायला हवं होतं.

५

शनिवारी दुपारी तो आमच्या दारात आला, बाहेरच खाली बसला, आणि उद्याचा पाठ सांगितला. चर्चमधलं वाचन माझ्याकडे असतं. हिज्कीया राजाचा अध्याय, तो म्हणाला, पहिली सहा वचनं. राजा मरायला टेकला, भिंतीकडे तोंड करून रडला, आणि देवानं त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली. उद्या सालोतेताई पुन्हा बरं झाल्याची साक्ष देणार आहेत, तेव्हा नीट वाचा.

तो गेल्यावर मी आळकुड्या सोलता सोलता सराव म्हणून मोठ्यानं वाचायला बसले. सहा वचनं झाली. डोळा पुढे गेला. सातव्या वचनावर माझी सुरी थांबली.

माझा नवरा पेनाया नारळ खवत होता. म्हणाला, "हे अंजीर म्हणजे काय असतं गं? नीरफणसासारखं?"

मलाही माहीत नव्हतं. आमच्यापैकी कोणीच ते कधी पाहिलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, उद्या मी सातवंही वाचणार. त्यानं खवणं थांबवलं. मग हळू आवाजात समजावू लागला. उपदेशकाला भर चर्चमध्ये खोटं पाडायचं नसतं. आणि साक्ष सालोतेची आहे, लाज तिची जाईल, ती माझी सख्खी बहीण आहे. हे सगळं बरोबर होतं. मी त्याला विचारलं, मग तू सांगशील तिला? तो पुन्हा नारळ खवू लागला. आमच्याकडे भाऊ मोठ्या बहिणीशी तर नणंद-भावजयींहूनही कमी बोलतो.

मी अध्याय शेवटपर्यंत वाचला. सातव्यालाच थांबायचा मोह मलाही झाला. माझ्या सोयीचं तेवढंच होतं.

६

ग्रंथ उघडला की वाचणारा तो मिटेपर्यंत कोणी उठत नाही, बोलत नाही. मुलांना मांडीत धरून ठेवतात. सिरेलीमामाची काठी भिंतीला टेकलेली असते. वाचणाऱ्याचा आवाज त्या वेळी वाचणाऱ्याचा नसतो. मी कोणाची भावजय नसते.

सहा वचनं वाचली. मानोआ उपदेशासाठी अर्धा उठला. मी ग्रंथ मिटला नाही. तो तसाच, गुडघ्यांवर हात टेकून, थांबला.

७

मग यशया संदेष्ट्यानं सांगितलं, अंजिरांची ढेप आणा. आणि त्यांनी ती आणून राजाच्या गळवावर ठेवली, आणि तो बरा झाला.

८

मी थांबले नाही. थांबले असते तर ती माझी उत्तराची चपराक झाली असती, शास्त्र नव्हे. सावली मागे सरकण्याची खूण वाचली. बाबेलहून आलेल्या पाहुण्यांना राजानं बढाईनं आपली सगळी भांडारं दाखवली ते वाचलं, संदेष्ट्यानं त्याला काय ऐकवलं ते वाचलं. उकाडा होता. मुलं चुळबुळत होती, मागे कोणीतरी सुस्कारा टाकला. पाण्याचा पाट बांधला तेही वाचलं. शेवटी राजा आपल्या पूर्वजांपाशी निजला, आणि मी ग्रंथ मिटला.

मानोआ उठला. त्यानं तयार केलेलाच उपदेश केला, पण आवाज मधेमधे वाट चुकल्यासारखा होत होता. अंजिराचं नाव त्यानं घेतलं नाही. साक्षीची वेळ आली तेव्हा सालोते उठली नाही. पाय दुखतोय, असं तिनं शेजारणीकरवी कळवलं. महिनाभरात पहिल्यांदाच तिनं ते कबूल केलं.

९

जेवणं झाल्यावर ती आमच्याकडे आली, काठी टेकत. मी नेहमीप्रमाणे काहीतरी खवचट बोलायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. ग्रंथ काढ, म्हणाली.

मी काढला.

"यशया तर देवाचाच माणूस. देवानं बरं करतो म्हटल्यावर त्यानं ढेप कशाला आणवली?"

"लिहिलेलं नाही, वन्सं."

"ठेवली कोणी?"

"'त्यांनी' एवढंच आहे. नावं नाहीत."

ती त्या ओळीवर बोट ठेवून बसली. वाचता तिलाही येतं, पण दोघी बहिणींत चष्मा एकच, आणि तो बहिणीकडे असतो.

"आणि शेवटी मेलाच ना तो?"

"मेला."

"पंधरा वर्षं मिळूनही."

"हो."

"हे मानोआनं नाही सांगितलं," ती म्हणाली. रागानं नाही. गणितातली एखादी पायरी राहून गेल्याचं लक्षात यावं तशी. "मला वाटलं होतं, सुई घेतली की देव उठून निघून जाईल."

 खोलीच्या दारात पेनाया उभा होता. तो बहिणीकडे न बघता होडीच्या इंजिनात तेल आहे का ते पाहायला निघून गेला.

१०

ओहोटी लागली होती, होडी लांब उभी करावी लागली. सालोतेला चिखलातून चालवत नेणं शक्य नव्हतं. मानोआ किनाऱ्यावर होता. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं तिला पाठीवर घेतलं. त्या पायाचा वास त्याच्या नाकाशी होता. त्यानं तोंड फिरवलं नाही.

तिला होडीत बसवून तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, पाणी गुडघ्यापर्यंत.

"सातवं वचन मी वाचलं होतं, किनीताई. लपवलं असं नाही. मला वाटलं, लोक अंजीर धरून बसतील आणि देवाला विसरतील. माझ्या आईच्या वेळी आम्ही तेच केलं. डॉक्टरांच्याच तोंडाकडे बघत बसलो, एकदाही तिच्याजवळ बसून प्रार्थना केली नाही."

त्याची भीती खोटी नव्हती. लोक विसरतात. मीही विसरते.

मग म्हटलं, "ज्यानं हे लिहून ठेवलं, त्यालाही ही भीती वाटली असेल. तरी त्यानं लिहिलं."

 पेनायानं इंजिन सुरू केलं. मी होडीत चढले. मानोआनं होडीची कड सोडली नव्हती. पुढच्या रविवारचा पाठ तुम्हीच निवडता का, असं काहीतरी तो पुटपुटला. मी म्हटलं, तूच निवड, पण अख्खा अध्याय.

सालोतेनं आपला फडक्यात गुंडाळलेला पाय माझ्या मांडीवर ठेवला, जड होता तो, आणि शेजारच्या गावापर्यंत तसाच ठेवला. नर्सनं फडकं सोडलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवू लागली. सुई टोचली गेली तरी तिची प्रार्थना चालूच होती.