काट मारलेली नावं

अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरातल्या एका रुग्णालयात अखेरच्या आजारातल्या माणसांच्या वेदना कशा कमी कराव्यात, याचा अभ्यास चालला होता. त्यात कुणाला घ्यायचं, हे यादी बघून ठरवायचं काम ग्रासिएलाचं. प्रश्नावली इंग्रजीतच असल्यामुळे स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नावांवर ती काट मारी. अशी एकोणचाळीस नावं गेली होती.

"त्यांच्या घरचे अभ्यासाला नाहीच म्हणतात गं," अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर व्हिटलॉकबाई सांगत. ग्रासिएला स्वतः स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली, तरी तिलाही ते पटलं होतं. विचारून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं.

एका सकाळी एर्लिंदा नावाच्या म्हातारीने तिला अडवलं. तिचा नवरा तिबुर्सियो, जन्मभर द्राक्षं तोडलेला, फुफ्फुसाच्या कर्करोगाने पाच आठवडे तिथेच पडून होता.

"मुली, शेजारच्या बाईला तू रोज विचारतेस, कुठे दुखतं, किती दुखतं. माझ्या माणसाला का नाही विचारत?"

"आजी, कागद इंग्रजीत आहेत."

"कागद असतील. तू तर आमच्यासारखंच बोलतेस."

ग्रासिएला खाली मान घालून खाटेपाशी बसली. "आजोबा, अभ्यासात तुम्हाला घेता येत नाही. पण सांगा, दुखतं का?"

तिबुर्सियोने आधी बायकोकडे पाहिलं. "हिला बाहेर पाठव."

"मी कुठे जात नाही," एर्लिंदा म्हणाली.

"मग ऐक. पाठीत सुरी फिरवल्यासारखं होतं. कण्हलो तर तू रडतेस, म्हणून उशीचं टोक चावून पडतो."

"आणि मी समजायची, झोप लागली!" एर्लिंदाने सगळ्यांदेखत हंबरडा फोडला.

त्याच्या उपचाराच्या कागदावर रोज परिचारिकांचा एकच शेरा होता: तक्रार नाही.

ग्रासिएलाने त्याच्या डॉक्टरांना सांगितलं, आणि त्या दुपारी त्यांनी वेदनेचं औषध वाढवलं. तिबुर्सियो चार दिवस शांत झोपला आणि पाचव्या दिवशी गेला.

ग्रासिएला यादी घेऊन व्हिटलॉकबाईंकडे गेली. "बाई, ही माणसं नाही म्हणाली नाहीत. आपण विचारलंच नाही. मीसुद्धा."

बाईंनी सगळी नावं वाचली. "यातले किती हयात आहेत?"

"सहा."

स्पॅनिश प्रश्नावली तयार व्हायला सात महिने लागले. तोवर त्या सहांतलंही कुणी उरलं नाही. पुढे मात्र ग्रासिएला प्रत्येक खाटेपाशी बसू लागली, घरच्यांनाही जवळ बसवू लागली. नाही म्हणणारे फार थोडे निघाले.

बंधुभगिनींनो, मरणाऱ्याचं दुःख हलकं करण्याची विद्या सगळ्यांसाठी हवी असेल, तर ती शिकताना सगळ्यांना विचारावं लागेल. कुणी गप्प आहे म्हणून त्याला दुखत नाही, असं कागदावर लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही.