बारा खड्डे, सव्वीस मिनिटं

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. एकवीस वर्षं ती नगररचना कार्यालयात एकच काम करत होती. शेतजमीन बिगरशेती करून तिच्यावर घरं बांधायचा कुणाचा अर्ज आला, की तो वाचायचा, जागेवर जाऊन बघायचं आणि हो की नाही ते लिहून वर पाठवायचं. तिच्या टेबलावरून सुटलेल्या फाइलला पुढे कुणी हात लावत नसे, इतकी ती पिंजून निघालेली असे.

त्या सोमवारी साहेबांनी स्वतः येऊन तिच्यापुढे एक पातळ फाइल ठेवली.

"यात शंका काढण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "अकरा एकर, बारा प्लॉट. मालकीण एकटी बाई. हरकत एकच, तीही तिच्या सख्ख्या जावेची. घरचं भांडण आहे. शुक्रवारपर्यंत शेरा मारून टाका."

शंकाबाईनं चष्मा चढवला. आधी हरकतीचं पत्र वाचलं, कारण माणूस खरं काय ते रागात लिहितो असं तिचं मत होतं. धाकट्या जावेनं लिहिलं होतं की घरं झाली तर धूळ उडेल, कुत्री येतील, मोटारी येतील, आणि खालच्या अंगाचं शेत पाणी पीत नाही, तिथं वस्ती झाली तर सगळी घाण आपल्या विहिरीत उतरेल. शेवटी सहीच्या वर एक ओळ घुसवली होती : 'आमच्या जाऊबाईंना कशाचीही कमी नाही, तरी हा उद्योग.'

मग तिनं मालकिणीनं नेमलेल्या इंजिनियरचा अहवाल उघडला. त्या भागात गटाराची लाइन नव्हती. प्रत्येक घराला आपली टाकी आणि आपला शोषखड्डा करावा लागणार होता, म्हणून माती पाणी किती लवकर शोषते ते मोजणं आलंच. खड्डा खणायचा, आदल्या दिवशी पाणी भरून माती भिजवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायचा आणि पाणी इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं. इंजिनियरनं बारा प्लॉटांत बारा खड्ड्यांची नोंद केली होती. प्रत्येकापुढे सव्वीस मिनिटं.

शंकाबाईनं बोट ठेवून आकडे पुन्हा वाचले. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. बारा माणसांपुढे एकाच किटलीतला चहा ठेवला तरी कुणी दोन घोटांत संपवतो आणि कुणी अर्धा कप ठेवून उठतो. मग रस्त्यापासून ओढ्यापर्यंत उतरत गेलेल्या अकरा एकरांनी एकाच वेगानं पाणी कसं प्यायलं?

दुसऱ्या दिवशी ती मोजणीदाराला घेऊन निघाली. मोजणीदार तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अघळपघळ गडी. टेप, दांड्या आणि डबा एवढं सामान घेऊन तो कुठंही जायला तयार असे.

थोरली जाऊ फाटकाशीच उभी होती. सत्तरी ओलांडलेली, उंच, चालताना डाव्या पायावर जरा जपून भार देणारी. तिनं दोघांना स्वयंपाकघरात नेलं. टेबल चौघांचं होतं, पण तीन खुर्च्या आत सारलेल्या होत्या आणि चौथीच्या बैठकीचा रंग उडाला होता. खिडकीतून सगळं शेत दिसत होतं. दोन वर्षांत पेरलं नव्हतं, नुसतं गवत माजलं होतं.

"तपासा, हवं तेवढं तपासा," ती म्हणाली. "माझ्या शेतात लपवण्यासारखं काही नाही."

"खड्डे कुठं कुठं खणले होते, मावशी?"

"कुठं कुठं म्हणजे? एकच खणला. ते बघा, फाटकाजवळ. इंजिनियर आला, चहा प्याला, खड्डा खणून घेतला, गेला. का हो, किती खणायचे असतात?"

मोजणीदारानं शंकाबाईकडे पाहिलं. शंकाबाईनं फाइल मिटली. एका खड्ड्याचं पाणी बारा ठिकाणी वाटलं होतं, आणि म्हातारीला त्याचा पत्ताही नव्हता.

"आपण परत खणू," ती म्हणाली. "एक वर, एक मधे, एक खाली ओढ्याच्या बाजूला. आणि तुमच्या जाऊबाईंनाही बोलवावं लागेल. हरकत घेणाऱ्याला हजर राहायचा हक्क असतो."

"तिला बोलवा खुशाल. पण मी बोलणार नाही. सहा वर्षं बोललेली नाही."

कारण शंकाबाईला परतताना मोजणीदाराकडून कळलं. त्याला अशा गोष्टी न विचारता कळत. दोन्ही शेतांच्या बांधावर एक जुनं झाड होतं. थोरलीचा नवरा शेवटच्या आजारपणात त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचा. तो गेल्यावर महिनाही झाला नव्हता तेव्हा धाकटीनं ते तोडून टाकलं, भाजीवर सावली पडते म्हणून. विचारलं नाही की सांगितलं नाही. झालं, तेव्हापासून दोन घरं समोरासमोर आणि तोंडं विरुद्ध दिशांना.

बुधवारी खड्डे खणून माती भिजवली आणि गुरुवारी सकाळी ते पुन्हा भरले. वरच्या खड्ड्यातलं पाणी बघता बघता उतरलं, अकरा मिनिटांत इंचभर. मधल्याला चाळीस लागली. मग सगळे खाली आले. मोजणीदारानं पट्टी रोवली, घड्याळ लावलं आणि उकिडवा बसला. थोरली स्टुलावर बसली. धाकटी आपल्या बांधावर हाताची घडी घालून उभी राहिली, कायदेशीर अंतर राखून. ती ठेंगणी, खणखणीत आवाजाची, साठीपलीकडची बाई होती.

अर्धा तास गेला. पाणी जिथल्या तिथं. पाऊण तास झाला.

"मोजताय कशाला?" धाकटी शंकाबाईला म्हणाली, पण मोठ्यानं, जिला ऐकू जायला हवं तिला ऐकू जाईल असं. "खाली नुसती चिकण माती आहे. भाऊजी इथं तीनदा मका लावून पस्तावले. ज्यांच्या नवऱ्याचं शेत त्यांना ठाऊक नसेल तर नवल आहे."

"तिला सांगा, मला ठाऊक आहे," थोरली शंकाबाईला म्हणाली.

"मग त्यांना विचारा, ठाऊक होतं तर चिखलात घरं कशाला मांडली?"

"तिला सांगा, नकाशा मी काढलेला नाही!"

"मी पोस्टमन नाही," शंकाबाई शांतपणे म्हणाली. मोजणीदार पट्टीकडे बघत हसू दाबत राहिला. थोड्या वेळानं शंकाबाईनंच विचारलं, "मावशी, तुमच्या अर्जात कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलंय. एकवीस वर्षांत मी ते कारण पाहिलं नव्हतं. नाही सांगितलंत तरी चालेल."

थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"गेल्या थंडीत मी अंगणात पडले," ती म्हणाली. "सरपणाच्या खोलीच्या पायरीवरून. कंबरेचं हाड गेलं. सकाळी आठला पडले आणि साडेबाराला दूधवाला आला. तोवर फरशीवर पडून होते. रस्त्यावरून एक मोटार गेली, बस्स. तेव्हा ठरवलं, इथं माणसं यायला हवीत. कुणाची पोरं ओरडतील, कुणाचा कुकर वाजेल. पडलं तर कुणीतरी बघेल."

धाकटीची हातांची घडी सुटली.

"मला तर दूधवाला म्हणाला तुम्ही लेकीकडे गेलात."

"मीच त्याला तसं सांगायला लावलं होतं. तीन आठवडे दवाखान्यात होते."

"दोनशे पावलांवर होते मी! त्या दिवशी दिवसभर घरात होते. हाक का नाही मारलीत?"

पहिल्यांदाच थोरलीनं मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं.

"ओठांवर आली होती गं. गिळली. वाटलं, हाक मारली आणि तू ऐकूनही आली नाहीस तर? पडलेलं निभावलं असतं, ते नसतं निभावलं."

मोजणीदारानं घड्याळात बघायचं सोंग केलं. धाकटी बांध उतरून अलीकडे यायला निघाली. भिजलेल्या मातीत तिचा पाय घोट्यापर्यंत रुतला. मोजणीदारानं धावत जाऊन हात दिला तेव्हा पाय निघाला, चप्पल आतच राहिली.

"मी आले असते," ती एका पायात चप्पल घालून थोरलीपुढे उभी राहत म्हणाली. आवाज खणखणीत नव्हता. "झाडाचं चुकलं माझं. विचारायला हवं होतं. पण मी आले असते, जाऊबाई."

"बरं," थोरली म्हणाली. मग तिच्या पायाकडे बघून, "पाय धू आधी. ती माती वाळली की निघत नाही."

दोन तासांत खालच्या खड्ड्यातलं पाणी करंगळीभरसुद्धा उतरलं नव्हतं.

घरी परतताना शंकाबाईला चैन पडेना. अर्ज फेटाळणं सोपं होतं. अहवाल खोटा होता, जमीन नालायक होती, एका ओळीत काम झालं असतं. मनात दया आली म्हणून माती पाणी शोषत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बारा घरं झाली असती तर सहा घरांच्या अंगणात टाक्या उफाळल्या असत्या आणि धाकटीची विहीर कामातून गेली असती. पण वरच्या पट्टीनं अकरा मिनिटांत पाणी घेतलं होतं, तेही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं पारदर्शक कागद नकाशावर ठेवला आणि रस्त्यालगतची पट्टी पेन्सिलीनं आखून बघितली. ओढाताण न करता पाच प्लॉट बसत होते.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आपण नकाशे तपासतो, काढत नाही."

"काढत नाही, साहेब. वरचं चालेल, खालचं चालणार नाही, एवढंच लिहिते. नकाशा त्यांनी काढून आणावा."

"आणि इंजिनियर काय म्हणतो?"

"टायपिंगची चूक म्हणतो."

"बारा वेळा?"

"मीही तेच विचारलं."

इंजिनियरनं अहवाल मागे घेतला आणि पाच प्लॉटांत आपला जीव रमत नाही म्हणून कामही सोडलं. थोरलीनं दुसरा माणूस धरला. "बारा हवेतच असं कुठं होतं?" ती म्हणाली. "बारा त्याचा आकडा. मला पाच घरं रग्गड झाली."

तीन महिन्यांनी समितीपुढे सुनावणी झाली. खोलीत पाच सदस्य, लांब टेबल, भिंतीवर नवा नकाशा. दोघी जावा एका बाकावर बसलेल्या पाहून अध्यक्षांनी धाकटीला विचारलं, "मग तुमची हरकत मागे घेताय ना?"

"मुळीच नाही," धाकटी उठून म्हणाली. खोलीत हशा पिकला. ती थांबली नाही. "पाच घरांना माझं काही म्हणणं नाही. पण पाच छपरांचं पाणी उताराला लागून माझ्या भाजीत शिरेल. आधी चर खणा, ओढ्यापर्यंत, आणि मग घरं बांधा."

"योग्य आहे," थोरली बसल्या जागेवरून म्हणाली.

समितीतला सर्वांत वयस्कर सदस्य स्वतः शेतकरी होता. तो शंकाबाईकडे वळला. "बाई, आज पाच. उद्या दुसरा मालक आला की पंधरा. शेत एकदा तुटलं की पुन्हा शेत होत नाही."

"खालचे आठ एकर शेतीच राहतील, अशी अट दस्तात घातली आहे."

"कागदाचं काय, कागद बदलतो," तो म्हणाला आणि त्यानं विरोधात हात वर केला. बाकी चौघांनी बाजूनं केला. ठराव चराच्या अटीसह मंजूर झाला, पण तो म्हणाला ते शंकाबाईला खोडून काढता आलं नाही, आणि घरी जाईपर्यंत ते तिच्या कानात होतं.

दीड वर्षानं ती चराची शेवटची तपासणी करायला पुन्हा तिथं गेली. रस्त्यालगत दोन घरं उभी होती, तिसऱ्याचा पाया भरत आला होता. खालचे आठ एकर धाकटीनं कसायला घेतले होते आणि चाऱ्याचं गवत लावलं होतं. त्याला ओल सोसते. पहिल्या घरात एक नर्स राहायला आली होती, नवरा आणि दहा वर्षांच्या मुलीसह. ती जाता-येता थोरलीचा रक्तदाब बघून जाई. मुलगी ट्रम्पेट शिकत होती.

शंकाबाई स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तेच सूर चालू होते, एकच ओळ, तिसऱ्या स्वरावर अडकणारी.

"ऐकताय ना?" थोरली म्हणाली. "सकाळी एकदा आणि शाळेतून आली की एकदा. मी शेजार मागितला होता, बँड नव्हता मागितला."

"भोगा आता," धाकटी भाजी चिरता चिरता म्हणाली. "आणि बाई, तुम्ही उभ्या का? ओढा ती खुर्ची."

शंकाबाई चहा प्याली, मग मोजणीदाराला घेऊन चर बघायला गेली. रुंदी बरोबर होती, उतार बरोबर होता. ओढ्याच्या तोंडाशी मात्र टेप खोली चार बोटं कमी दाखवत होता. दोघी जावा मागोमाग आल्या होत्या.

"चार बोटं?" थोरली म्हणाली. "चार बोटांनी काय होतं?"

"गाळ साचतो," शंकाबाई म्हणाली. "आणि मग पाणी भाजीत शिरतं."

धाकटीनं चरात वाकून पाहिलं, चरकलीच. "अहो, बरोबर बोलतायत त्या. उद्याच माणूस लावते. तुम्ही पुढच्या आठवड्यात या बाई, पण जेवायच्या वेळेला या."

शंकाबाईनं तपासणीचा कागद सही न करताच पिशवीत घातला आणि पुढच्या मंगळवारची तारीख वहीत लिहून घेतली.